द्राक्षांच्या खोलीतलं गाणं

द्वारका चौकातून आत वळलं की टायरवाल्यांच्या दुकानांमागे एक अरुंद गल्ली लागते. तिथे उज्वला ढोमसे ब्लाउज शिवते. मी कित्येक वर्षं तिच्याकडे कपडे टाकते आहे. सुरुवातीला मला वाटायचं, ही बाई सतत फोनवर असते, कारण तिच्या एका कानात कायम इअरफोन असायचा आणि दुसऱ्या कानाने ती गिऱ्हाइकाचं ऐकायची. एकदा मी विचारलं, तेव्हा तिने तो काढून माझ्या हातात दिला. कुणीतरी म्हातारी बाई लग्नातलं हळदीचं गाणं म्हणत होती, अहिराणीत. मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज. "अजून कुणी ऐकलेलं नाही," उज्वला म्हणाली. "आमच्या रवीने सटाण्याकडे जाऊन रेकॉर्ड केलंय. ठेवायचं की नाही ते मी सांगायचं."

अशी मला पेटी रेकॉर्ड्सची, या बहीणभावाच्या गाण्यांच्या कंपनीची, ओळख झाली. पुढे नोव्हेंबरात त्यांच्या पॅकहाऊसमध्ये जे झालं, त्याची शहरात बरीच चर्चा झाली आणि त्यातली बहुतेक चुकीची होती. मला ते उज्वलाने तुकड्यातुकड्याने सांगितलं, मापं घेताना, काजं करताना. थोडं तिथे गाणाऱ्या मोहिनीने सांगितलं. मी स्वतः तिथे नव्हते.

उज्वलाचं माहेर ओझरच्या पुढे, हायवे सोडून आत. आई लवकर गेली तेव्हा धाकटा भाऊ रविराज अगदी लहान होता. त्याला उज्वलानेच वाढवलं. तिचं लग्न चांदवडला झालं होतं आणि ते टिकलं नाही. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परत आली ती गावी राहिली नाही. नाशकात दुकान घेतलं आणि शाळेसाठी रवीलाही आणलं. कटिंगच्या टेबलाखाली अंथरूण टाकून तो पोरगा रेडिओ ऐकत झोपायचा. मोठा झाल्यावर पुण्याला जाऊन साउंडचं शिकला, दोन-चार स्टुडिओंत राबला आणि एक दिवस परत येऊन म्हणाला, ताई, आपण आपली कंपनी काढू. इथली माणसं इथे रेकॉर्ड करू. नावही त्यानेच शोधलं. द्राक्षाची पेटी आणि सुराची पेटी. उज्वलाला ते फार आवडलं होतं.

जागा घरचीच होती. वडिलांनी, रंगनाथनानांनी, चांगल्या दिवसांत द्राक्षबागेशेजारी, माल निवडून पेट्यांत भरायला, छोटं पॅकहाऊस बांधलं होतं. पुढे परदेशी जाणारा माल मोठ्या कंपन्यांच्या पॅकहाऊसकडे वळला आणि हे बंद पडलं. आत एक थंड खोली होती. बागेतून आलेले घड गार करायची. भिंती जाड फोमच्या, दोन्ही बाजूंनी पत्रा, आणि रुळावर सरकणारं जड दार, त्याला चहूबाजूंनी रबर. गार करायची मशिनं कधीच विकली गेली होती. दार ओढलं की अंगणातला ट्रॅक्टरसुद्धा ऐकू यायचा नाही. रवीने मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि तो हसायलाच लागला. एवढी शांतता त्याला पुण्यातही मिळाली नव्हती.

नाना दारात उभे होते. ते म्हणाले, "ती खोली घडांसाठी बांधलीय रे. माणसाला वारा लागतो."

पण नाना सगळ्यालाच काही ना काही म्हणायचे. हायवेला, रवीच्या केसांना, चहातल्या साखरेला. कुणी लक्ष दिलं नाही. भिंतींवर स्पंज चिकटवला गेला. दाराच्या आतल्या बाजूला उघडायची जी मूठ होती, तीही स्पंजाखाली गेली. रेकॉर्डिंग लांबलं की डोकं दुखायचं. रवी म्हणायचा, कान थकतात, त्याने होतं. सगळे अंगणात येऊन चहा प्यायचे, डोकं दुखायचं थांबायचं, पुन्हा आत जायचे.

मोहिनी तिथे आली ती छाटणीच्या दिवसांत. सुरगाण्याकडची कुटुंबं ऑक्टोबरात बागांवर कामाला येतात, तिचंही आलं होतं. बारावी झालेली, वेणी घट्ट बांधलेली, बोलायला लाजाळू. उज्वला सुट्टीला गावी गेली होती आणि शेजारच्या बागेत ओळीच्या पलीकडून तिला गाणं ऐकू आलं. ती तशीच चिखलातून पलीकडे गेली. गाणं मोहिनीचं स्वतःचं होतं. एक मुलगी नदीला सांगते, मी छाटणीला जाते आहे, येईपर्यंत आटू नकोस. चाल तिच्या मामाची, मंगळूची. मंगळू पावरी वाजवायचा. दुधी भोपळ्याचं ते वाद्य, त्याला पुढे लांब कर्णा. वाजवणारा नाकाने श्वास घेत राहतो आणि तोंडाने सोडत राहतो, म्हणून पावरीचा आवाज मध्ये तुटत नाही. मंगळूचा तर कधीच तुटायचा नाही.

रेकॉर्डिंगला मंगळू थंड खोलीत यायला तयार नव्हता. आत पाऊल टाकून तो परत फिरला. "आतमधी माझा वारा पुरत नाय," म्हणाला. शेवटी तो उंबऱ्यावर उभा राहिला, दार उघडं ठेवलं, माइक तिथे नेला. गाण्यात मागे रातकिडे आले आणि एक कुत्रं. रवी ते काढून टाकणार होता. उज्वला म्हणाली, राहू दे.

ते गाणं चाललं. आधी छाटणीच्या मुलींनी त्यावर रील्स केल्या, मग ट्रकवाल्यांनी, मग पुण्यातल्या लग्नांत वाजायला लागलं. उज्वलाच्या दुकानात येणाऱ्या मुली ते गुणगुणायच्या आणि ही गप्प बसून शिवत राहायची. तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते पुन्हा कधी दिसलं नाही.

मग रवीने ठरवलं की एक संध्याकाळ करायची. पेटीची पहिली लाइव्ह मैफल, ज्या खोलीत गाणं रेकॉर्ड झालं तिथेच, मोजक्या लोकांसमोर. आणि तीही रेकॉर्ड करायची. फोनवर पास वाटले. उज्वलाने मोहिनीसाठी हिरवा ब्लाउज शिवला. मंगळूला मोहिनीने समजावलं की यावेळी दारात उभं राहता येणार नाही, लोक असतील.  तो हो म्हणाला, भाचीसाठी.

कार्यक्रमाच्या आठवड्यात एका माणसाने रील टाकली. तो गावोगाव खायच्या जागा दाखवायचा आणि त्याला लाखो लोक बघायचे. त्याने हसत सांगितलं, पास-बिस काही नको, पत्ता हा, या सगळे. उज्वलाने त्याला फोन केला. त्याने माफी मागून रील काढूनही टाकली. पण तोवर ती इतरांच्या फोनमधून पुढे गेली होती. तिने रवीला म्हटलं की आपण हे अंगणात करू. रवी म्हणाला, उघड्यावर रेकॉर्डिंग कसलं होतंय.

त्या दिवशी दुपारपासूनच मोटारसायकली यायला लागल्या. हायवेला लासलगावच्या कांद्याच्या गाड्यांनी कोंडी केली होती, म्हणून पोरं बांधाबांधाने येत होती. ऊन उतरलं तसं अंगण भरलं, मग रस्ता, मग बागेच्या ओळींच्या तोंडाशी माणसं उभी राहिली. उज्वला दाराशी पास बघत होती. थोड्या वेळाने पास बघण्यात अर्थ उरला नाही. लोक तिला हात जोडायचे, ताई म्हणायचे आणि तिच्या खांद्यावरून आत सरकायचे. कुणी उद्धट नव्हतं. सगळे आनंदात होते. ती म्हणते, तेच मला खुपत होतं. भांडले असते तर अडवता आलं असतं.

खोलीत माणसाला माणूस चिकटला होता. तेवढ्यात वीज गेली.

त्याचीही तयारी होती. भाड्याचा जनरेटर आणून ठेवला होता. त्याचा आवाज पुढे येऊ नये म्हणून रवीने तो मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावला होता, थंड खोलीच्या भिंतीला लागून. पूर्वी गार करायच्या नळ्या जिथून आत यायच्या, त्या भोकातून वायरी आत घेतल्या होत्या. जनरेटर सुरू झाला, दिवे लागले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाहेर राहिलेल्यांनी पत्र्याची भिंत बडवायला सुरुवात केली. रवीने कानांवर हेडफोन चढवले, तोंड वाकडं केलं आणि दाराकडे हात केला. दार सरकलं. रबर रबराला चिकटलं. बाहेरचं सगळं एकदम नाहीसं झालं.

उज्वला दाराच्या आतल्या बाजूला, रवीच्या मिक्सरशेजारी उभी होती. तिच्याही कानांवर हेडफोन होते. मोहिनी मंचावर आली. मंच म्हणजे पेट्या ठेवायच्या लाकडी फळ्यांवर सतरंजी. तिने आधी छोटी गाणी म्हटली. आवाज लागत होता. नदीचं गाणं शेवटी ठेवलं होतं.

तिसऱ्या का चौथ्या गाण्यात पावरी तुटली.

उज्वलाला आधी वाटलं, वायर हलली. तिने मिक्सरकडे पाहिलं. सगळं ठीक होतं. पुन्हा तुटली. मग तिने मंगळूकडे पाहिलं. तो वाजवत होता, पण पावरीच्या कडेने श्वास घ्यायला तोंड उघडत होता. त्याचे खांदे वर-खाली होत होते. पाठोपाठ मोहिनीचा वरचा सूर खाली आला. या मुलीचा सूर बागेत काम करताना, तापात, रडल्यावरसुद्धा खाली आलेला तिने ऐकला नव्हता.

तिने हेडफोन काढले. आणि मग तिला भीती वाटली ती लोकांची. ते गप्प होते. एवढी पोरं, एवढ्या लांबून आलेली, आणि कुणी ओरडत नव्हतं, गात नव्हतं. वर धरलेले फोन एकेक करून खाली आले होते. एका मुलीने मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टाकलं होतं. अत्तराच्या आणि घामाच्या वासाखाली डिझेलचा वास होता. तिचं स्वतःचं डोकं कधीपासून ठणकत होतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

ती रवीच्या कानाशी गेली आणि दार उघड म्हणाली. त्याने एका कानावरचा हेडफोन उचलला. "दोनच राहिलीत, ताई. मग उघडू." त्याचे डोळे लाल होते आणि तो शब्द फार सावकाश बोलत होता, झोपेतून उठवल्यासारखा. ती पुन्हा म्हणाली. तो हसला आणि मिक्सरकडे वळला.

तिने दारावर मूठ मारली. आतली मूठ कुठे आहे ते तिला माहीत होतं, पण स्पंज पक्का चिकटला होता, नखाने निघेना. ती जोरजोरात दार बडवायला लागली. तेव्हा रबरातून, फोममधून, अगदी अस्पष्ट, पलीकडून उत्तर आलं. बाहेरच्यांना वाटलं, आतल्यांनी ताल धरलाय. त्यांनीही तसाच ताल धरला.

हे सांगताना उज्वलाने कात्री खाली ठेवली होती. म्हणाली, त्या घटकेला मला कळलं की नुसतं दार उघडून भागणार नाही. दार उघडलं की बाहेरची माणसं आत घुसतील आणि आतल्यांना बाहेर पडायला जागाच राहणार नाही. दारातच माणसांवर माणसं पडतील.

खोलीत फोनला रेंज कशीबशी यायची. तिने नानांना लावला. ते ओट्यावर होते. पहिल्या खेपेला लागला नाही. दुसऱ्या खेपेला लागला.

"नाना, दार उघडा. पण उघडायच्या आधी लोकांना सांगा, मोहिनी गात बाहेर येतेय. वाट द्या म्हणावं, नाहीतर ती येणार नाही."

नानांनी काही विचारलं नाही. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला नावं ठेवणारा तो माणूस फक्त "बरं" म्हणाला.

मग ती माणसांतून मंचाकडे गेली. तिला माणसं ढकलावी लागली नाहीत, ती आपोआप इकडे-तिकडे कलत होती, आणि तिला त्याचंच भय वाटत होतं. तिने मोहिनीचा हात धरला. हात गार होता. "नदीचं गाणं धर आणि चालायला लाग," तिने सांगितलं. "थेट दारातून बाहेर. थांबायचं नाही."

मोहिनीने मामाकडे पाहिलं. मंगळूने उज्वलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते त्याला समजलं असावं. त्यांच्या पाड्यावर पावरीवाला पुढे चालतो आणि नाचणाऱ्यांची रांग हातात हात घालून त्याच्या मागे जाते. त्याने फळ्यांवरून पाय खाली टाकला, पावरी उचलली आणि जेवढा श्वास उरला होता तेवढ्यावर फुंकली. मोहिनी त्याच्या मागे. माइकची वायर ताणली, निघाली, मिक्सरवरून काहीतरी खाली पडलं. रवी ओरडला. आणि दार सरकलं.

बाहेरची हवा आत आली. उज्वला म्हणते, ती मला अंगावर पाणी ओतल्यासारखी लागली. अंगणातले लोक खरंच मागे सरले होते. नानांनी काठीने मधोमध वाट पाडून ठेवली होती आणि दोन्ही बाजूंना फोन वर धरून लोक उभे होते. मंगळू बाहेर पडला. उघड्यावर येताच त्याने एक लांब श्वास ओढला आणि पावरी पुन्हा एकसंध वाजायला लागली. मोहिनीचा सूर वर चढला. आतली माणसं तिच्यामागे निघाली, काही धडपडत, काही शेजाऱ्याला धरून. बाहेरच्यांनी त्यांना रांगेत ओढलं. हात हातात गेले. अंगणाला वेढा घालून नाच सुरू झाला.

उज्वला आतच थांबली होती. खोली रिकामी होत गेली तेव्हा तिला दिसलं की सगळे गेले नाहीत. मागच्या भिंतीशी, वायरी आत येत होत्या त्या भोकापाशी, पाचजण बसले होते. पाठ टेकून, पाय पसरून, निवांत. तिने रवीच्या खांद्याला धरून त्याला तिकडे वळवलं. 

नाना मागे जाऊन जनरेटर बंद करून आले. अंधार झाला. बाहेरच्यांना तोही कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी फोनचे दिवे लावले आणि माइकशिवाय गाणं चालू राहिलं. त्या उजेडाच्या मागे उज्वला, रवी, नाना आणि दोन शेजारी माणसं ओढून बाहेर काढत होते. चौघं अंगणातल्या वाऱ्यावर उलट्या करून सावध झाले. पाचवा झाला नाही. चांदवडचा अमित, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात कामाला, तिशीतला. त्याचे गाल लालबुंद झाले होते, ज्वर चढल्यासारखे. बागेतल्या पिकअपमध्ये घालून त्याला नेलं. पिंपळगावच्या दवाखान्याने घेतलं नाही, नाशिकला न्यावं लागलं; तिथले डॉक्टर म्हणाले, जनरेटरचा धूर अंगात भिनलाय. पहाटे त्याने डोळे उघडले.

तो आज कामावर जातो. पण हातात वस्तू असते आणि तिचं नाव आठवत नाही, असं त्याला अधूनमधून होतं. बायको दुकानापर्यंत सोडायला येते.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्या नाचाचे व्हिडिओ होते. बंद खोलीतून गात बाहेर आलेली मुलगी, मागे शेकडो माणसं, मग अंधार आणि फोनचे दिवे. असा शेवट कधी पाहिला नाही, असं लोक लिहीत होते. उज्वलाने मला त्यातला एक दाखवला. नाचणाऱ्यांच्या मागे, कोपऱ्यात, पत्र्याच्या दारातून काहीजण एक जड पोतं उचलून बाहेर नेताना दिसतात. पोत्याला पाय आहेत. खाली हजारो लोकांनी मजकूर लिहिला होता. ते काय आहे, हे एकानेही विचारलं नव्हतं.

दवाखान्याने कळवल्यामुळे पोलीस आले. जबाब झाले. रवीने गर्दी झाली एवढंच सांगितलं. उज्वलाने सगळं सांगितलं, दार, मूठ, जनरेटर. पुढे अमितच्या घरच्यांनी वाढवलं नाही आणि प्रकरण थंड झालं. पण रवीला तिचा जबाब कळला आणि तो महिनाभर दुकानाकडे फिरकला नाही.

आला तो एक बातमी घेऊन. पुण्याच्या एका कंपनीला त्यांच्याकडे तसाच कार्यक्रम हवा होता. बंद जागा, दार लावून मैफल, आणि शेवटी दार उघडून सगळ्यांनी गात बाहेर पडायचं. एका गोदामात. मी तेव्हा दुकानातच होते, अस्तराचं कापड बघत. दोघांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

उज्वला म्हणाली, "पाच माणसं भिंतीला टेकून बसली होती, रवी."

"सगळी वाचली ना."

"तेव्हा तुला माहीत होतं का, वाचतील म्हणून?"

 तो म्हणाला की दार उघडून बाहेर पडायचं त्याच्या डोक्यात आधीपासूनच होतं, तो शेवटच्या गाण्याची वाट बघत होता, तिने घाई केली.  उज्वला मला नंतर म्हणाली, तो खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. त्याला खरंच तसं वाटायला लागलं होतं.

त्या रविवारी ती गावी गेली. नानांना विचारलं, नाना म्हणाले कर. ओझरहून वेल्डर बोलावून तिने थंड खोलीचं दार रुळासकट कापून काढलं, मागच्या भिंतीचे पत्रेही उतरवले. आता तिथून बाग आरपार दिसते. रवी आला, त्याने ते पाहिलं, आपली मशिनं गाडीत भरली आणि गेला. पेटी रेकॉर्ड्स हे नाव आता पुण्यात आहे. उज्वलाच्या कानातला इअरफोन गेला. दुकानात मशीनचा आवाज तेवढा ऐकू येतो.

मोहिनीने रवीबरोबर दोन कार्यक्रम केले. मंगळू गेला नाही. तो पाड्यावरून खालीच उतरत नाही आता. मोहिनी ब्लाउज टाकायला आली होती तेव्हा मला म्हणाली, "त्या दिवशी आत मला समोरचं दिसत नव्हतं. हात माझे नाहीत असं वाटत होतं. मला वाटलं, पहिला कार्यक्रम म्हणून भीती वाटतेय. मी गातच राहिले असते." दुसऱ्या कार्यक्रमात लोकांनी तो शेवट पुन्हा मागितला. रवीने सगळ्यांना परत आत घेतलं आणि पुन्हा दार लावलं. मोहिनी बाहेर उभी राहिली, आत गेली नाही. त्यानंतर तिने नर्सिंगला नाव घातलं. तिच्या जागी रवीने दुसरी मुलगी घेतली आहे आणि पावरी आता मशीनमधून वाजते.

काही झालेलं नाही. दोन कार्यक्रम झाले, तीन झाले, पाच झाले, कुठे काही झालं नाही. जाहिरातीत आता दाराचंच चित्र असतं.

पेटीचा कार्यक्रम कुठे आहे ते उज्वला फोनवर बघते. मग त्या गावच्या पोलीस ठाण्याचा नंबर शोधते, अग्निशमनचा शोधते. फोन लावून स्वतःचं नाव सांगते, कार्यक्रम करणाऱ्याची बहीण आहे म्हणून सांगते आणि म्हणते, दार तेवढं बघा, आतून उघडतं का, जनरेटर कुठे लावलाय. कुणी हसतं, कुणी ठेवून देतं. कुणी विचारतं, भावाशी काही वाद आहे का. एक-दोघांनी खरंच माणूस पाठवला.

गेल्या महिन्यात एका ठिकाणच्या साहेबांनी जाऊन दार अख्खा वेळ उघडं ठेवायला लावलं. कार्यक्रम फसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉल लावायला दिलेली साडी न्यायला गेले, तेव्हा तिचा फोन वाजला. कितीतरी महिन्यांनी रवीचा होता. तिने स्पीकरवर टाकला, हातात सुई होती म्हणून.

"ताई, ती तूच होतीस का?"

"हो."

पलीकडून रस्त्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

तिने दोरा तोडला, साडीची घडी घालून माझ्याकडे दिली. पुढचा कार्यक्रम कोल्हापूरकडे आहे, तिने सांगितलं, शनिवारी, साखरेच्या एका जुन्या गोदामात. तिथल्या ठाण्याचा नंबर लागत नव्हता. मी दुकानातून निघाले तेव्हाही ती तो पुन्हा पुन्हा लावत होती.